फरशीखालची हवा मोजा



भूशास्त्र, रसायनशास्त्र, पर्यावरणशास्त्र आणि स्थापत्य अभियांत्रिकी या चारही शाखांचे पदवीधर आज समोर आहेत, म्हणून मी अशा एका प्रश्नावर बोलणार आहे जो या चारही शाखांनी मिळून सोडवला तरच सुटेल. पेट्रोल पंपाची जमिनीखालची टाकी गळू लागली, तर तिची वाफ शेजारच्या घरात शिरते आहे का, हे ठरवायचे कसे?

जानेवारी 2024 मध्ये गोव्यात दाबोळीजवळच्या माटवे भागात विहिरींच्या पाण्यात इंधन उतरले आणि एका विहिरीने चक्क पेट घेतला. तिथे टाकी नव्हे, तर जमिनीखालची इंधनवाहिनी गळली होती. ज्वाळा दिसल्या म्हणून त्याची बातमी झाली. जिथे आग लागत नाही, तिथे हीच वाफ वर्षानुवर्षे घरात येत राहिली तरी कुणाला पत्ता लागत नाही.

गळलेले पेट्रोल खाली झिरपते आणि भूजलाला टेकले की पाण्यावर तरंगत पसरते. त्यातले बेंझिन वाफेच्या रूपाने वर चढते. फरशीच्या भेगा, ड्रेनेजच्या पाइपाभोवतीची फट, तळघराची भिंत, जिथे वाट मिळेल तिथून ते आत येते. बेंझिनमुळे रक्ताचा कर्करोग होतो. आपल्या देशात बाहेरच्या हवेसाठी त्याची वार्षिक सरासरी मर्यादा घनमीटरला 5 मायक्रोग्रॅम आहे आणि नाकाला त्याचा वास कळेपर्यंत हे प्रमाण शेकडो पटींनी वाढलेले असते. तेव्हा ‘वास येत नाही’ एवढ्या शेऱ्यावर कुठलाही तपासणी अहवाल मान्य करू नका.

माती मात्र आपल्या बाजूने असते. तिच्यात प्राणवायू खेळता असेल तर जिवाणू ही वाफ वाटेतच फस्त करतात. याच आधारावर अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 2015 च्या मार्गदर्शिकेत अंतरे ठरवली. इंधन तरंगत असेल तर त्याच्या आणि घराच्या पायाच्या मध्ये 15 फूट, नुसते पाण्यात विरघळलेले असेल तर 6 फूट स्वच्छ माती असली, की सहसा घरातली हवा तपासावी लागत नाही. हे आकडे भरपूर मोजमापांतून आले आहेत, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण भेगाळलेला खडक असेल तर त्यांवर विसंबू नका, असेही तीच मार्गदर्शिका सांगते. आणि इथे कोल्हापुरात आपण उभे आहोत ते बेसॉल्टवर! वर थोडी माती, मग मुरूम आणि त्याखाली सांध्यासांध्यांचा काळा पाषाण. खडकाच्या भेगेत जिवाणूंना पोसणारी माती नसते, वाफेला वाट मात्र सरळ मिळते. परदेशातले 15 फूट कोल्हापूरच्या अहवालात जसेच्या तसे उतरवणे मला धोक्याचे वाटते.

त्यात आपली पंचगंगा. राजाराम बंधाऱ्यावर नदीची धोक्याची पातळी 43 फूट आणि 2019 व 2021 या दोन्ही वर्षी पाणी 55 फुटांच्या वर गेले. शहरातल्या व्हीनस कॉर्नरला पाणी आलेले तुम्ही पाहिले आहे. नदी फुगली की काठच्या भागातले भूजल चढते आणि त्यावर तरंगणारे इंधनही पायाच्या जवळ येते. पूर ओसरताना ते मुरमात माखून मागे उरते. पावसात अंगणातली माती चिंब होते, वाफेची तिथली वाट बुजते आणि ती घराखालच्या कोरड्या जागेकडे वळते. म्हणून मे महिन्यात घेतलेल्या एकाच नमुन्यावर घराला निर्धोक म्हणता येत नाही.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी 2020 मध्ये नव्या पंपांसाठी शाळा, रुग्णालये आणि वस्तीपासून 50 मीटरचे अंतर सांगितले. नियम चांगलाच आहे. पण ते अंतर फिल पॉइंट, डिस्पेन्सिंग युनिट किंवा व्हेंट पाइपपासून, म्हणजे जमिनीवर मोजतात. खालची भेग कुठवर गेली आहे, हे त्या टेपला कळत नाही. शिवाय भरवस्तीतले जुने पंप आहेत तिथेच आहेत.

मग करायचे काय? फरशीला बोटाएवढे भोक पाडायचे, स्टीलची नळी बसवायची आणि कडा घट्ट बुजवायच्या. वर झाकण घालून त्यात हेलियम सोडायचा. नळीतून हेलियम आला, तर खोलीतलीच हवा आत ओढली जाते आहे, तो नमुना बाद. फरशीखालची, खोलीतली आणि अंगणातली हवा एकाच दिवशी घ्यायची. पण त्याआधी घरातल्या आजींशी, वहिनींशी बोला. रॉकेल, थिनर कुठे ठेवता? मोटारसायकल जिन्याखाली लावता का? बेंझिन तिच्यातूनही येते. हे न विचारता दिलेला आकडा पंपमालकावर अन्याय करील, किंवा त्या घरावर.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी कुणी प्रदूषण नियंत्रण मंडळात जाईल, कुणी महापालिकेत, कुणी तेल कंपनीत. पंपाशेजारच्या घरातून तक्रार आली, तर त्याच दिवशी तिथे जा. पावसाळ्याआधी मोजा आणि पावसाळ्यातही मोजा. आणि अहवालाची एक प्रत, मराठीत, त्या घरच्यांच्या हातात द्या.