अस्थिर काळांतील आधार



कल्याण सोडून कर्जतच्या बाजूला निघालेली गाडी विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर हीं स्टेशनें पाठोपाठ घेते. हा प्रवास अर्ध्या तासाच्या आंतलाच आहे. परंतु मनुष्याच्या स्थैर्याचा आणि अस्थैर्याचा इतिहास एवढ्या थोड्या अंतरांत इतका दाट भरलेला क्वचितच आढळेल. अंबरनाथास वालधुनीच्या कांठीं शके ९८२ मधील, म्हणजे इ. स. १०६० मधील, शिवमंदिर उभें आहे. शिलाहारांचें राज्य गेलें, त्यांच्या मागून आलेलीं राज्येंहि गेलीं. तें दगडी शिल्प मात्र अद्यापि जागचें हललेलें नाहीं. आणि त्याच्याच शेजारीं एक संपूर्ण शहर असें आहे कीं, जें केवळ माणसें आपापल्या जागेवरून उपटलीं गेल्यामुळें वसलें. दुसऱ्या महायुद्धांत कल्याणजवळ लष्कराची छावणी पडली होती. युद्ध संपलें, बरॅकी रिकाम्या झाल्या, आणि १९४७ सालीं फाळणी झाल्यावर सिंधमधून आलेलीं सुमारें एक लाख माणसें त्या बरॅकींत येऊन राहिलीं. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनीं त्या वसाहतीस उल्हासनगर हें नांव दिलें. नांवांत उल्हास आला तो जवळच्या नदीमुळें. तेथील लोक मात्र आजहि पत्ता सांगतांना कॅम्प नंबर एक, कॅम्प नंबर चार असेंच सांगतात. छावणी उठून पाऊणशें वर्षें झालीं, तरी तो शब्द जिभेवरून उठलेला नाहीं.

नदीचा उल्हासहि नेहमींच सुखाचा असतो असें नाहीं. २६ जुलै २००५ चा पाऊस या खोऱ्यांतील कोणीहि विसरलेला नाहीं. २७ जुलै २०१९ रोजीं बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यांत अडकली आणि हजाराहून अधिक उतारूंना नौकांतून बाहेर काढावें लागलें. २०२१ सालीं उल्हासनगरांत राहत्या इमारतींचे स्लॅब कोसळून माणसें दगावलीं. ज्या घरासाठीं आयुष्यभर हप्ते भरले, त्या घराच्या छताकडे रात्रीं अंथरुणांत पडल्या पडल्या पाहत राहण्याची पाळी आली, म्हणजे मनुष्याच्या मनाचें काय होत असेल याची कल्पना करावी. कारखान्यांचेंहि तेंच. अंबरनाथ ज्यांच्यामुळें नांवारूपास आलें त्यांपैकीं कांहीं कारखान्यांचीं आज केवळ नाक्यांना दिलेलीं नांवें उरलीं आहेत.

अशा काळांत मनुष्यानें पाय कशावर रोवावा, या प्रश्नाला निरनिराळ्या धर्मांनीं निरनिराळीं उत्तरें दिलीं आहेत. ज्या सिंधी बांधवांनीं सर्वस्व गमावून त्या बरॅकींतून व्यापार उभा केला, त्यांनीं झूलेलालाची उपासना बरोबर आणिली होती. तिच्या बळाविषयीं शंका घेण्याचें मला कांहींच कारण दिसत नाहीं. आज ख्रिस्ती श्रद्धेनें दिलेल्या उत्तराचा मी विचार करणार आहें. तो तत्त्वचर्चेच्या अंगानें न करितां, ज्याचें बालपण याच खोऱ्याच्या तोंडाशीं गेलें अशा एका मराठी कवीच्या आणि त्याच्या पत्नीच्या आयुष्याच्या आधारें करावा, असें योजिलें आहे.

नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांवीं झाला. त्यांचें प्राथमिक शिक्षण मात्र कल्याणास झालें. आई गेली आणि घराचा आधारच तुटला; अकराबारा वर्षांचा हा मुलगा घर सोडून नाशकास आला आणि गणेशशास्त्री लेले यांच्यापाशीं संस्कृत शिकूं लागला. त्यानंतरचीं वीस वर्षें म्हणजे एका बेचैन माणसाची भ्रमंती होय. कोठें मास्तरकी, कोठें कीर्तन, कोठें नागपुरास 'ऋषि' मासिकाचें संपादन. एक नोकरी धरली कीं दुसरी सुटली. १८८० सालीं विवाह झाला, तरी संसार एका गांवीं टिकला नाहीं. बुद्धीचा तुटवडा नव्हता, कवित्व जन्मजात होतें. तें सर्व कोणाच्या पायीं वाहावयाचें हेंच ठरत नव्हतें.

नागपुराहून राजनांदगांवास जात असतां आगगाडींत एका युरोपियन गृहस्थाशीं त्यांची गांठ पडली. बोलणें काव्यावरून धर्मावर गेलें आणि उतरतांना त्या गृहस्थानें नव्या कराराची एक प्रत त्यांच्या हातीं दिली. टिळकांनीं ती वाचावयास घेतली, आणि मत्तयाच्या शुभवर्तमानांतील डोंगरावरील प्रवचनानें त्यांना असें धरलें कीं, पुढें सोडलें नाहीं. तें प्रवचन ज्यांनीं वाचलें असेल त्यांना त्याचा शेवट आठवत असेल. दोघांनीं घरें बांधिलीं. एकानें खडकावर, दुसऱ्यानें वाळूवर. पाऊस आला, पूर आला, वारा सुटला. एक घर टिकलें, दुसरें पडलें. बदलापुराच्या माणसाला हा दृष्टांत समजावून सांगण्याची गरज पडूं नये.

या दृष्टांतांतील एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेंतून निसटते. पाऊस दोन्हीं घरांवर सारखाच पडतो. खडकावर घर बांधणाऱ्याच्या दारावरून पूर वळून गेला, असें येशूनें म्हटलेलें नाहीं. शिवाय खडक म्हणजे नुसतें मानणें नव्हे. हें ऐकून जो त्याप्रमाणें वागतो त्याचें घर खडकावर, आणि ऐकून जो वागत नाहीं त्याचें वाळूवर, असा तेथें स्पष्ट भेद केलेला आहे. आजकाल कांहीं उपदेशक व्यासपीठावरून सांगतात कीं, श्रद्धा ठेवा म्हणजे कर्ज फिटेल, मुलाला नोकरी लागेल, रोग पळेल. मला हा त्या दृष्टांताचा सरळ सरळ विपर्यास वाटतो. संकटांतील माणसाला असें आश्वासन देणें आणि तें फळलें नाहीं म्हणजे तुझीच श्रद्धा उणी पडली असें त्याला ऐकविणें, यासारखी निर्दयता नाहीं.

टिळकांच्या बाबतींत तर श्रद्धेनें पूर आणला असेंच म्हणावें लागेल. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. त्या दिवशीं जात गेली, आप्त गेले, समाजांतील मान गेला, आणि पत्नी व चारएक वर्षांचा मुलगा दुरावला. आधींच डळमळीत असलेल्या संसाराचा हा शेवटचा खांबहि त्यांनीं आपल्या हातानें काढिला. तरीहि त्यांच्या पुढील आयुष्याकडे पाहिलें असतां दिसतें कीं, भ्रमंती संपली. पुढचीं चोवीस वर्षें त्यांच्या लेखणीला आणि देहाला एकच धनी होता.

पण येथें थांबून दुसरी बाजू पाहिली पाहिजे. पतीला जें स्थैर्य लाभलें त्याची किंमत प्रथम पत्नीनें भरली. लक्ष्मीबाई कडक सोवळ्याच्या घरांत वाढलेल्या; त्यांच्या वडिलांच्या घरीं बाहेरून आलेली वस्तु धुतल्यावांचून आंत येत नसे. नवरा ख्रिस्ती झाल्याची बातमी अशा बाईच्या डोक्यावर कशी कोसळली असेल, तें त्यांनीं स्वतःच 'स्मृतिचित्रें' या आपल्या आत्मचरित्रांत लिहून ठेविलें आहे. सुमारें पांच वर्षें त्या लहानग्या दत्तूला घेऊन पतीपासून वेगळ्या, बहुतेक काळ पंढरपुरास, राहिल्या. टिळकांच्या चरित्राची थोरवी गातांना हीं पांच वर्षें दोन ओळींत उरकण्याची आपल्याकडे रीत आहे. ती मला बरी वाटत नाहीं. ज्या श्रद्धेनें एकाला उभें केलें तिनेंच दुसरीला निराधार केलें, हें कबूल केल्यावांचून त्या श्रद्धेविषयीं प्रामाणिकपणें बोलतां येणार नाहीं.

पुढें लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या त्या धर्म बदलण्यासाठीं नव्हेत. नगरास आणि राहुरीस त्या कित्येक दिवस आपलें सोवळें वेगळें सांभाळून राहत होत्या. टिळकांनींहि त्यांच्यावर जुलूम केला नाहीं, हें त्यांच्या पदरीं टाकिलें पाहिजे. लक्ष्मीबाईंचा पालट झाला तो त्यांच्या स्वतःच्या विचारानें. जातिभेद देवानें केलेला कीं माणसानें, या प्रश्नाशीं त्या झगडल्या. तो देवाचा नव्हे असें एकदां मनानें घेतल्यावर इतरांच्या हातचें पाणी पिण्यास त्यांनीं विलंब केला नाहीं. १९०० सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. तो काळ भयंकर दुष्काळाचा होता. टिळकांच्या घरांत निराधार मुलें येऊन राहूं लागलीं आणि तीं कोणत्या जातीचीं हें विचारण्याची सोय उरली नाहीं. एकेकाळीं सावलीचाहि विटाळ मानणारी बाई त्या पोरांचें न्हाणेंधुणें करूं लागली. हातांत पैसा राहण्याची पंचाईतच होती, कारण टिळकांचा हात देण्यापुरता उघडा आणि हिशेबापुरता बंद असे. लक्ष्मीबाईंनीं त्याच्या कथा हंसत हंसत सांगितल्या आहेत. त्या वाचतांना हंसूं येतें, पण चूल पेटविण्याची जबाबदारी ज्याच्यावर असते त्यालाच त्या हंसण्याचें मोल कळतें.

त्याच घरांत पुढें बालकवि ठोंबरे मुलासारखे वावरले, हें काव्यरसिकांना ठाऊकच आहे.

ख्रिस्ती होणें म्हणजे मराठीपण टाकणें, असें टिळकांनीं कधींहि मानिलें नाहीं. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशीं आलों, असें ते सांगत. आणि त्यांचे ख्रिस्तावरील अभंग व भजनें महाराष्ट्रांतील देवळांतून अद्यापि टाळांच्या साथीनें म्हटलीं जातात. 'ज्ञानोदया'चें संपादन त्यांनीं केलें, फुलामुलांचे कवि म्हणून लौकिक मिळविला, मिशनचा पगार मिळत होता. मनुष्यानें यावर समाधान मानावें इतकें हें होतें. १९१७ सालीं, छपन्नाव्या वर्षीं, त्यांनीं तो पगारहि सोडिला आणि साताऱ्यास जाऊन 'देवाचा दरबार' उभारण्याचा उद्योग आरंभिला. बाप्तिस्मा झालेले व न झालेले, दोघांनाहि तेथें वाव होता. व्यवहाराच्या दृष्टीनें हें शहाणपण होतें कीं नाहीं यावर आजहि दोन मतें होतील. ९ मे १९१९ रोजीं मुंबईस त्यांचा अंत झाला आणि दरबाराचें काम अपुरें राहिलें.

आतां कोणी म्हणेल, कवींचीं आणि संन्याशांचीं हीं उदाहरणें ठीक आहेत. ज्याला पहाटेची बदलापूर गाडी पकडून मुंबईस जावयाचें आणि रात्रीं परतून मुलाचा अभ्यास घ्यावयाचा, त्याला यांतून काय मिळणार? प्रश्न रास्त आहे. या तिन्ही गांवांत ख्रिस्ती कुटुंबें आहेत. कांहीं मराठी, कांहीं गोव्याकडचीं. केरळांतून नोकरीधंद्यासाठीं आलेल्यांची संख्या वाढल्यामुळें १९८८ सालीं सीरो-मलबार पंथाचा स्वतंत्र धर्मप्रांत कल्याणास स्थापन झाला. यांच्या श्रद्धेचें नित्याचें रूप अगदीं साधें आहे. आठवड्यांतून एक दिवस सर्वांनीं एकत्र यावयाचें, आजाऱ्याच्या घरीं जावयाचें, मयताला खांदा द्यावयाचा. प्रभूनें शिकविलेल्या प्रार्थनेंत अन्नाची मागणी आहे ती एका दिवसापुरतीच. कंत्राटी कामावर असलेल्या माणसाला त्या मागणीचा अर्थ पेन्शनवाल्यापेक्षां लवकर उमगतो. आणि ती मागणी 'मला' दे अशी नसून 'आम्हांस' दे अशी आहे. शेजाऱ्याचें ताट रिकामें ठेवून ती म्हणतां येत नाहीं. ख्रिस्ती श्रद्धेंतून आयुष्याला हेतु लाभतो म्हणतात तो बहुतेकांच्या बाबतींत एवढाच आणि एवढा मोठा असतो. उद्यां काय होईल हें त्यानें कळत नाहीं. आज कोणाकडे जावयाचें हें मात्र कळतें.

टिळकांच्या मागें लक्ष्मीबाईंचें काय झालें, तें सांगावयाचें राहिलें आहे. पतीच्या मृत्यूनंतर त्या मुंबईस मुलींच्या वसतिगृहावर मेट्रन झाल्या; तेवढ्यानें भागेना तेव्हां मुलांबरोबर कराचीस गेल्या. ज्या कराचीच्या धक्क्यावरून पुढें १९४७ सालीं बोटीच्या बोटी भरून निर्वासित मुंबईस आले आणि कल्याणच्या बरॅकींत पोंचले, त्याच कराचीस ही मराठी विधवा पोटासाठीं आणि मुलांसाठीं जाऊन राहिली होती. वय साठीकडे झुकलेलें, शाळेचें शिक्षण नाहीं, अक्षरओळख घरींच झालेली. टिळकांनीं ख्रिस्ताचें ओंवीबद्ध चरित्र, 'ख्रिस्तायन', लिहावयास घेतलें होतें. आरंभींचीं थोडीं प्रकरणें त्यांच्या हातून झालीं आणि ग्रंथ तसाच राहिला होता. तो लक्ष्मीबाईंनीं पुढें नेला. एकेक करून चौसष्ट प्रकरणें त्यांनीं रचिलीं आणि ग्रंथ तडीस नेला. १९३६ सालीं त्या वारल्या. 'ख्रिस्तायन' छापून निघालें तें त्यानंतर.