ओव्हरटाइम बंद झाला, आता काय ओळखायचं?

मुंग्या अंडी घेऊन भिंतीवर चढायला लागल्या की आपण परड्यातल्या शेणी आत घेतो. पाऊस किती पडला याचा आकडा नंतर येतो, शेणी त्याआधी आत गेलेल्या असतात. देशाच्या पैशापाण्याचंही तसंच आहे.

देशात तयार झालेल्या वस्तू आणि सेवांच्या किमतीचा हिशोब म्हणजे जीडीपी. तो किती वाढला यावरून देशाची वाढ मोजतात. पण एप्रिल ते जूनचा आकडा कळतो ऑगस्टच्या अखेरीस. आपल्या गटाचा हप्ता तेवढा थांबत नाही! म्हणून जाणकार मंडळी आधी हलणाऱ्या गोष्टींवर डोळा ठेवतात. गाड्यांची विक्री, कारखान्यांकडच्या नव्या ऑर्डरी, पावसाचा अंदाज. यांना पूर्वसूचक निर्देशांक म्हणतात.

आपल्या कोल्हापुरात अशी एक खूण घरोघरी येते, ती पगाराच्या पाकिटातून. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले इथल्या फाउंड्र्यांत मोटारी, ट्रक आणि ट्रॅक्टरचे ओतीव भाग तयार होतात. गाडी शोरूममध्ये येण्याच्या कितीतरी आधी तिचं कास्टिंग ओतावं लागतं. गिऱ्हाईक हटलं की कंपनी पुढची ऑर्डर कमी करते आणि झळ आधी भट्टीला लागते. मालक लगेच माणसं काढत नाही. पहिल्यांदा ओव्हरटाइम बंद होतो, मग एखादी पाळी, मग कंत्राटी कामगार. म्हणजे बेकारी दिसायला लागते तेव्हा मंदी येऊन बसलेली असते. दिवस पालटायला लागले की ओव्हरटाइमच आधी परत येतो, नवी भरती मागाहून.

2019 साल आठवा. गाड्यांची मागणी 2018 च्या अखेरीपासूनच मंदावली होती. जुलै 2019 मध्ये प्रवासी गाड्यांची विक्री आदल्या वर्षीच्या जुलैपेक्षा जवळपास 31 टक्क्यांनी घटली. एप्रिल-जूनचा जीडीपी वाढीचा आकडा 30 ऑगस्टला जाहीर झाला, तो फक्त 5 टक्के. पेपरात मोठे मथळे आले. ज्या घरातला माणूस भट्टीवर कामाला होता, तिथं ही बातमी शिळी होती.

पण त्याच ऑगस्टात पंचगंगेला महापूर आला. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, दूध डेअरीपर्यंत पोचेना, दुकानं बंद. ते बघून कुणी म्हटलं असतं की देश बुडाला, तर ते चुकीचं ठरलं असतं. पूर आपला होता, गाड्यांची मंदी देशाची. शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण शीत पातेल्याच्या तळाचं, करपलेलं निघालं तर? म्हणून एका खुणेवर जाऊ नये. फाउंड्रीत काम कमी, इचलकरंजीत माग थांबलेले, ट्रॅक्टरला गिऱ्हाईक नाही, असं दोन-तीन महिने एकदम दिसलं तर मात्र दखल घ्यावी. दिवाळीनंतर बाजार थंडावतोच, म्हणून तुलना गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करावी.

देशाच्या खुणाही आता लवकर मिळतात. महिना सरला की जीएसटी किती जमला ते बातम्यांत सांगतात. कारखान्यांच्या खरेदी व्यवस्थापकांना विचारून काढलेला पीएमआय नावाचा आकडाही महिन्याच्या सुरुवातीला येतो. तो 50 च्या वर असला तर काम वाढतंय, खाली असला तर घटतंय. लॉकडाउनच्या एप्रिल 2020 मध्ये तो 27.4 वर आला होता. त्या तिमाहीत जीडीपी जवळपास 24 टक्क्यांनी घसरल्याचं सरकारनं ऑगस्टअखेर सांगितलं.

आता हे गटाच्या बैठकीत कुठं लागतं? समजा एका मैत्रिणीला दोन म्हशींसाठी कर्ज पाहिजे. नवरा फाउंड्रीत, ओव्हरटाइम धरून पगार चांगला. आमचं मत असं, की कर्ज जरूर द्यावं, पण हप्ता ठरवताना ओव्हरटाइम धरू नये. नुसत्या मूळ पगारात आणि दुधाच्या बिलात बसेल एवढाच हप्ता बांधावा. ओव्हरटाइम मिळाला तर जादा भरू द्यावा, आणि तो सलग दोन महिने बंद दिसला तर तिनं हप्ता थकायच्या आधीच गटाला सांगावं. मुदत वाढवायची असेल तर ती तेव्हाच वाढवता येते.