मिलान–सान रेमो : भाकीत कशाचं करायचं?



सुरुवातीला एक यादी वाचून दाखवतो. कॅव्हेंडिश, फ्रेरे, गॉस, गेरान्स, चिओलेक, क्रिस्टॉफ, डेगनकोल्ब, देमार, क्वियात्कोव्स्की, निबाली, आलाफिलिप, व्हान आर्ट, स्टाउव्हन, मोहोरिच, व्हान डेर पूल, फिलिप्सन. २००९ ते २०२४ या काळात मिलान–सान रेमो ही सायकल शर्यत जिंकणाऱ्यांची ही नावं. सोळा शर्यती आणि सोळा वेगळे विजेते. यात कॅव्हेंडिश आहे, म्हणजे सपाट रस्त्यावरच्या शेवटच्या दोनशे मीटरचा बादशहा. निबालीही आहे, ज्यानं इटली, फ्रान्स आणि स्पेन या तिन्ही देशांच्या तीन-तीन आठवड्यांच्या डोंगरी शर्यती जिंकल्या. हे दोघे एरवी एकमेकांच्या वाटेलाही जात नाहीत. अशा शर्यतीचं भाकीत करायचं कसं, हा आजचा विषय. शर्यतीवर पैसे लावणाऱ्यांना माझ्याकडून काही मिळणार नाही, हे आधीच सांगून टाकतो.

शर्यत इटलीतली, मार्च महिन्यातली. १९०७ साली ती पहिल्यांदा झाली आणि फ्रान्सच्या पेती-ब्रेतोंनं जिंकली. अंतर तीनशे किलोमीटरच्या आतबाहेर. सायकलच्या जगात ज्या पाच एकदिवसीय शर्यतींना सर्वांत मोठा मान आहे, त्यांतली ही सर्वांत लांब. सुरुवात आता मिलानमधून होईलच असं नाही. २०२४ आणि २०२५ साली ती पाव्हियातून झाली. लोम्बार्दीचं मैदान ओलांडायचं, तुर्किनोची खिंड चढून लिगुरियाच्या समुद्रकाठी उतरायचं आणि किनाऱ्यानं पश्चिमेकडे निघायचं. वाटेत कापो मेले, कापो चेर्वो, कापो बेर्ता ही भूशिरं लागतात. मग चिप्रेस्साचा चढ येतो, त्यानंतर पोज्जोचा, आणि शेवट सान रेमोच्या व्हिया रोमा या रस्त्यावर. २०२४ साली २८८ किलोमीटर अंतर विजेत्यानं सव्वासहा तासांच्या आत कापलं, ताशी ४६ किलोमीटरच्या सरासरीनं. पूर्ण करायला सर्वांत सोपी आणि जिंकायला सर्वांत अवघड, असं सायकलवाले या शर्यतीबद्दल म्हणतात.

हे बोलणं चमकदार आहे, पण त्यामागचं कारण साधं यांत्रिक आहे. सगळी किल्ली पोज्जोवर आहे. हा चढ ३.७ किलोमीटरचा, आणि सरासरी चढण चार टक्क्यांहूनही कमी. आपल्याकडच्या मुंबई–पुणे शर्यतीत बोरघाट माणसं वेगळी करतो, कारण तिथं चढण इतकी तीव्र की वेग पडतो आणि ज्याच्या पायात दम तो पुढे जातो. पोज्जो तसा घाट नाही. आघाडीचे स्पर्धक तो सहा मिनिटांच्या आत चढतात. गणित करून पाहा, ताशी ३७ किलोमीटरहून जास्त वेग झाला. एवढ्या वेगात चढावरसुद्धा हवेचा विरोध मोठा राहतो. पुढचा हवा कापतो आणि मागे चिकटलेला कमी कष्टात त्याच वेगानं वर येतो. म्हणजे जो सर्वांत बलवान तो हल्ला चढवणार, आणि त्याच्या बळाचा बराचसा फायदा मागच्यालाच मिळणार. उभ्या डोंगरावर असा फुकटचा प्रवास जवळजवळ होत नाही, म्हणून तिथलं भाकीत सोपं.

आता पुढचं गणित. पोज्जोच्या माथ्यापासून शेवटची रेषा साधारण साडेपाच किलोमीटरवर. त्यातला तीनएक किलोमीटर वळणावळणाचा उतार, आणि मग सव्वादोनएक किलोमीटर सपाट. समजा उतार संपताना एकटा माणूस दहा सेकंद पुढे आहे. उरलेलं २.३ किलोमीटर तो ताशी ५० च्या वेगानं गेला तर त्याला सुमारे १६६ सेकंद लागतील. मागच्यांनी आळीपाळीनं ओढून ५३ चा वेग ठेवला तर त्यांना १५६. फरक नऊ-दहा सेकंदांचा. म्हणजे तीनशे किलोमीटरची शर्यत काही मीटरवर येऊन थांबते! मागचे आठ-दहा जण एकमेकांसाठी राबतात की एकमेकांकडे बघत बसतात, यावर सगळं ठरतं. हे पायांच्या ताकदीवरून कळत नाही. कोण कोणाला घाबरतो हे ठाऊक असावं लागतं.

माझा मुख्य मुद्दा इथंच आहे. या शर्यतीत भाकीत हे शर्यतीच्या बाहेर राहत नाही. तुमचं नाव सकाळच्या वर्तमानपत्रात पहिलं छापून आलं, की दुपारी प्रत्येक जण तुमच्याच मागच्या चाकाला चिकटतो. तुम्ही पाठलाग करावा अशी सगळ्यांची अपेक्षा, आणि तुमच्याबरोबर राबायला कोणी तयार नाही. नाव जेवढं मोठं, तेवढी ही शिक्षा मोठी.

२०१२ साली पोज्जोवर निबालीनं हल्ला केला, ऑस्ट्रेलियाचा गेरान्स त्याच्या मागे गेला आणि स्वित्झर्लंडचा कान्चेलारा दोघांना येऊन मिळाला. उतारावर आणि सपाटीवर जवळजवळ सगळं काम कान्चेलारानं केलं. त्या तिघांत सर्वांत ताकदवान तोच होता, यावर फारसा वाद होणार नाही. गेरान्स मागे बसला आणि शेवटी पुढे निघून जिंकला. २०१७ साली स्लोव्हाकियाच्या सागानचं तेच झालं. हल्ला त्याचा, ओढणं मुख्यतः त्याचं, आणि रेषेवर क्वियात्कोव्स्की चाकाच्या फरकानं पुढे. सागान ही शर्यत कधीच जिंकला नाही; दोनदा दुसरा आला.

२०२१ चं उदाहरण तर शाळेत शिकवावं असं आहे. त्या वर्षी व्हान डेर पूल, व्हान आर्ट आणि आलाफिलिप या तिघांवर सगळ्यांची नजर. तिघेही शेवटच्या गटात होते, म्हणजे भाकीत करणाऱ्यांचा अंदाज तिथपर्यंत अगदी बरोबर होता. पोज्जो उतरून सपाटीवर येताच बेल्जियमचा स्टाउव्हन निघाला. तिघांतल्या कोणी पाठलाग करायचा? जो करेल तो बाकीच्या दोघांना रेषेपर्यंत वाहून नेणार. या विचारात जे सेकंद गेले, त्यांत स्टाउव्हन जिंकला. हे पाहून मी एका निष्कर्षावर आलो आहे : तीन तुल्यबळ दावेदार असतील तर चौथ्याकडे नीट बघावं.

मग एडी मेर्क्सचं काय, असं कोणी विचारेल. १९६६ ते १९७६ या अकरा वर्षांत त्यानं ही शर्यत सात वेळा जिंकली. मेर्क्सचं नाव लिहून मोकळं व्हायला काय हरकत होती? काहीच नाही. पण मेर्क्स हा चढ, उतार आणि शेवटची धाव या तिन्हींत धोकादायक होता. असा माणूस मागे चिकटणाऱ्यांनाही पुरून उरतो. त्याच्यावरून नियम बांधणाऱ्याला पुढची पन्नास वर्षं पस्तावावं लागलं असतं.

भाकीत चुकणाऱ्यांत पहिला नंबर लागतो तो खुद्द आयोजकांचा. १९५३ नंतर इटलीच्या स्पर्धकाला आपल्याच घरची ही शर्यत जिंकता येईना. किनाऱ्यावरून मोठा घोळका एकत्र यायचा आणि परदेशी वेगवान गडी बाजी मारायचे. १९६० साली आयोजक विन्चेन्झो तोरियानी यांनी पोज्जो घातला. जिंकला फ्रेंच रने प्रिव्हा. इटालियन विजेत्यासाठी १९७० पर्यंत थांबावं लागलं. तेव्हा मिकेले दांचेल्ली आला. मग १९८२ साली चिप्रेस्सा वाढवला. चढ वाढला की बडे लोक पुढे येतील, हा हिशेब. त्या वर्षी जिंकला मार्क गोमेझ. व्यावसायिक म्हणून पहिलंच वर्ष असलेला हा फ्रेंच मुलगा सकाळीच निसटलेल्या गटातला होता आणि बड्यांनी त्याला सोडून दिलं होतं. रस्ता आखणाऱ्यालाच जे कळलं नाही, ते आपल्याला खुर्चीत बसून कळेल असं मानणं धाडसाचं आहे.

हवामानाचं थोडक्यात सांगतो. १९१० साली तुर्किनोवर बर्फ पडलं. फ्रेंच स्पर्धक क्रिस्तोफ बारा तासांहून जास्त वेळ घेऊन जिंकला आणि शेवटपर्यंत पोचणारे बोटांवर मोजण्याइतके होते. २०१३ सालीही बर्फ पडलं. तेव्हा स्पर्धकांना मधल्या टप्प्यात बसमध्ये घालून पुढे नेलं आणि शर्यत पुन्हा सुरू केली. चिओलेक जिंकला, सागान दुसरा, कान्चेलारा तिसरा. पण बर्फ दुर्मीळ. दरवर्षी बघायचा तो किनाऱ्यावरचा वारा. वारा मागून असला तर दुसऱ्याच्या आड लपण्याचा फायदा घटतो, हल्ला टिकतो. समोरून असला तर एकट्याचं काही खरं नाही. शर्यतीच्या दिवशी सकाळी या वाऱ्याचा अंदाज पाहिल्याशिवाय नाव सांगणाऱ्यावर माझा विश्वास नाही.

हवामानाचा विषय निघालाच आहे तर ग्लेन ब्रायर यांचं नाव घेतो. अंदाज किती चांगला हे मोजण्याची एक रीत या अमेरिकी हवामानतज्ज्ञानं १९५० साली मांडली. तुम्ही एखाद्या गोष्टीची शक्यता ०.९ म्हणालात आणि ती घडली नाही, तर तुमचा दंड ०.९ चा वर्ग, म्हणजे ०.८१. ०.३ म्हणाला असतात तर दंड फक्त ०.०९. गोष्ट घडली, तर १ आणि तुमचा आकडा यांतल्या फरकाचा वर्ग हा दंड. आता पसंतीच्या स्पर्धकाची खरी शक्यता समजा ०.३ आहे. छातीठोकपणे ०.९ सांगणाऱ्याचा सरासरी दंड ०.५७ पडतो आणि प्रामाणिकपणे ०.३ सांगणाऱ्याचा ०.२१. दहापैकी तीनदा छातीठोक माणूस बरोबर येईल आणि गावभर मिरवेल, ते वेगळं. ०.३ म्हणजे तो जिंकेल यापेक्षा हरेल याचीच शक्यता जास्त. अशा माणसाला आपण ‘दावेदार क्रमांक एक’ म्हणतो आणि तो हरला की धक्कादायक निकाल म्हणतो. यात धक्का बसण्यासारखं काय आहे?

म्हणून मी माणसाऐवजी आधी प्रसंग मांडतो. एकटा सुटेल, तीन-चार जणांचा गट येईल, की तीस जणांचा घोळका? प्रत्येकाला शक्यतेचा एक आकडा द्यायचा. मग त्या त्या प्रसंगात कोण जिंकेल ते पाहायचं. २०२४ साली पोज्जोवर स्लोव्हेनियाच्या पोगाचारनं जोर लावला, पण सगळे फुटले नाहीत. त्या गटात व्हान डेर पूल होता आणि त्याचाच सहकारी फिलिप्सनही होता. व्हान डेर पूलनं पाठलागाचं काम स्वतः उचललं आणि वेगवान फिलिप्सननं शर्यत जिंकली. ‘व्हान डेर पूल जिंकेल’ म्हणणारा चुकला, पण ‘लहान गट आला तर त्याच्या संघाकडे दोन पत्ते असतील’ म्हणणारा चुकला नाही.

२०२५ साली पोगाचारनं पोज्जोची वाट पाहिलीच नाही. तो चिप्रेस्सावरच उसळला, शेवट वीसहून जास्त किलोमीटर दूर असताना. त्याच्याबरोबर टिकले ते फक्त व्हान डेर पूल आणि इटलीचा गान्ना. गान्ना पोज्जोवर मागे पडला, पण शेवटी पुन्हा येऊन मिळाला. व्हिया रोमावर व्हान डेर पूल जिंकला, गान्ना दुसरा, पोगाचार तिसरा. सोळा वर्षांनी यादीतलं एखादं नाव दुसऱ्यांदा आलं. यावरून काहींचं म्हणणं असं, की जुना अंदाज मोडला, शर्यत आता चिप्रेस्सावर ठरणार आणि मोजक्या तीन-चार जणांचीच राहणार. मला हे अर्धं पटतं. चिप्रेस्सावर हल्ला करायचा तर आपल्या संघानं त्या चढाच्या तळापर्यंत वेग ठेवावा लागतो, आणि त्यासाठी दमदार सहकारी २६० किलोमीटरनंतरही शिल्लक असावे लागतात. म्हणून पुढच्या शर्यतीआधी संघांच्या याद्या लागल्या की दावेदारांची नावं मी नंतर वाचेन. आधी त्यांच्या सहकाऱ्यांपैकी चिप्रेस्सापर्यंत टिकणारे किती, ते मोजेन.