खोटा उपग्रह ओळखायचा कसा?

नोव्हेंबर २०२५मध्ये दिल्लीला उतरणाऱ्या काही विमानांना खोटे जीपीएस संकेत मिळाले. वैमानिकांनी पर्यायी पद्धत वापरली. तरी आई-बाबांना टोरांटोहून विमानात बसवताना पोटात गोळा येतोच.

हे खोटे संकेत पकडायची एक युक्ती कॅल्गरी विद्यापीठातल्या नील्सन, ब्रूमंडन आणि लाशापेल यांनी २०११मध्ये मांडली. साधा, एका अँटेनाचा रिसीव्हर हातात धरून हलवायचा, बस्स! खरे उपग्रह २०,००० किलोमीटरवर, आकाशभर पांगलेले. त्यामुळे प्रत्येकाचा संकेत वेगळा बदलतो. खोटे 'उपग्रह' मात्र सगळे एकाच ठिकाणाहून बोलतात, म्हणून बदलतातही एकसारखे. शाळेत एकाचीच वही सगळ्यांनी उतरवली की चुकाही सारख्याच, तसं.

चोराने चार ठिकाणी अँटेना लावल्या, तर मात्र ही युक्ती अपुरी पडते.