फवारणीची खूण रक्तात कुठे सापडते?



पैठण तालुक्यात कपाशीला पाते लागले की पाठीवर पंप दिसू लागतात. मोसंबीच्या बागांतही औषध मारणं चालूच असतं. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधं. ती अंगात भिनली की ॲसिटिलकोलिनएस्टरेज नावाचं एन्झाइम जखडून टाकतात. हे एन्झाइम नेमकं कुठे असतं, हे फवारणी करणाऱ्या प्रत्येकानं जाणून घ्यावं.

मज्जातंतू स्नायूला हुकूम देतो तो ॲसिटिलकोलिन या रसायनातून. हुकूम पोहोचला की ते तत्काळ मोडावं लागतं. ते मोडणारं एन्झाइम तयार होतं पेशीच्या आत, पण काम करतं बाहेर. मज्जातंतू आणि स्नायू यांच्यामधल्या अरुंद फटीत तंतूंची जाळी असते, तिला ते आपल्या लांब शेपटीनं अडकलेलं असतं. तिथे त्याचा एकेक रेणू सेकंदाला हजारो रेणू मोडतो. मेंदूत ते दुसऱ्या एका प्रथिनाच्या आधारानं पेशीपटलाला धरून असतं. ते जखडलं, की रसायन साचतं. लाळ गळते, घाम फुटतो, बाहुल्या बारीक होतात, स्नायू थरथरतात आणि शेवटी श्वास अडकतो. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले.

याच एन्झाइमची आणखी एक जागा आहे, आणि मला ती सर्वांत मोलाची वाटते. रक्तातल्या तांबड्या पेशीच्या बाहेरच्या अंगावर ते स्निग्ध रेणूच्या खुंटीला टांगलेलं असतं. या पेशीला केंद्रक नसतं, त्यामुळे नवं एन्झाइम तिला बनवता येत नाही. ती जगते सुमारे 120 दिवस. म्हणून विषानं झालेली घट नव्या पेशी येईपर्यंत, कित्येक आठवडे, रक्तात दिसत राहते. रक्तद्रवातलं कोलिनएस्टरेज हे वेगळं एन्झाइम. ते यकृतात बनतं आणि लवकर भरून येतं.

मात्र तांबड्या पेशींवरच्या एन्झाइमची मूळ पातळी प्रत्येकात निराळी असते. ती ठाऊक नसेल तर घट ओळखायची कशी? फवारणीच्या मजुरीला जाणाऱ्या प्रत्येकाच्या रक्तातल्या या एन्झाइमची तपासणी हंगामाआधी सरकारी खर्चानं व्हायलाच हवी.

आणि कुणाला त्रास झालाच, तर अंगावरचे कपडे काढा, साबणानं अंग धुवा, औषधाची बाटली सोबत घ्या आणि तडक दवाखाना गाठा. ॲट्रोपिन साचलेल्या रसायनाचा जोर रोखतं. जखडलेलं एन्झाइम सोडवायला प्रॅलिडॉक्सिम देतात, पण विषाची पकड पक्की झाली की तेही चालत नाही.