घराचा पंचनामा होतो, मनाचा कोण करणार?



आपत्ती आली की आपण नुकसान मोजतो. घरे किती पडली, जनावरे किती गेली, याचा तलाठी पंचनामा करतात. परंतु घरदार सोडून निवाऱ्याला गेलेल्या माणसाच्या मनाची नोंद कोणत्याही रकान्यात होत नाही. आज मला त्या नुकसानीविषयी बोलावयाचे आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. झोपेत असलेली साडेसात हजारांहून अधिक माणसे दगडमातीच्या घरांखाली गाडली गेली. पुढे पन्नासच्या आसपास गावे नव्या जागी वसविण्यात आली. पक्की घरे मिळाली. पण हाकेसरशी धावून येणाऱ्या शेजाऱ्यांची गल्ली पुन्हा तशी मिळत नाही. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले आणि त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळली. पुराचे पाणी ओसरते. मनातले पाणी मात्र इतक्या लवकर ओसरत नाही.

अशा प्रसंगानंतर झोप उडते, पावसाचा जोर वाढताच छातीत धडधडते, ‘मी वाचलो, तो का गेला?’ हा प्रश्न पोखरत राहतो. लहान मुले आईचा पदर सोडत नाहीत, अंथरूण ओले करतात, पोट दुखते म्हणतात. म्हातारी माणसे गप्प होतात. कर्ता पुरुष रडत नाही, पण उगाच संतापतो. हे वेड नव्हे आणि दुबळेपणाही नव्हे. घाबरलेल्या मनाची ही स्वाभाविक धडपड आहे. बहुतेक माणसे आपल्या माणसांच्या आधाराने हळूहळू सावरतात.

हा आधार कसा द्यावा? जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली काढलेल्या मार्गदर्शिकेचे सार तीन शब्दांत सांगता येईल: पाहा, ऐका, जोडा. कोणाला मदतीची गरज आहे ते पाहा. तो बोलेल तेवढे ऐका. खोदून खोदून विचारू नका आणि ‘विसरून जा’ असे सांगू नका. मग त्याला त्याच्या नातलगांशी व मदत देणाऱ्यांशी जोडून द्या. निवाऱ्यात एका कुटुंबाची, एका मोहल्ल्याची माणसे शक्यतो एकत्र राहू द्या.

पालकहो, एक कळकळीची विनंती. संसार उघड्यावर पडला म्हणून मुलांची, विशेषतः मुलींची, शाळा बंद करू नका. ठरल्या वेळी वाजणारी घंटा, ओळखीचे गुरुजी आणि शेजारी बसणारा सोबती यांतून मुलाला पटते की जग अजून जागेवर आहे. दप्तर वाहून गेले असेल, तर ते देणे आपणा सर्वांचे काम आहे.

महिना उलटूनही झोप येत नसेल, कामात मन लागत नसेल, तर डॉक्टरांकडे जा. जीव नकोसा झाल्याची भाषा कोणी करू लागला, तर महिन्याची वाट पाहू नका. त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी मदत घ्या. २०२२ पासून सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस उपलब्ध आहे. मोडलेला हात आपण लपवीत नाही. मग मोडलेले मन का लपवावे?