मशीन बंद केल्यावरचा एक तास

वेल्डिंग म्हटलं की आपण आधी डोळ्यांना जपतो. काचेशिवाय त्या उजेडाकडे बघू नये, हे लहान मुलांनाही ठाऊक असतं. पण काम संपल्यावर, मंडळी घरी गेल्यावर पुढे येणारे धोकेही आहेत. आज त्यांच्याविषयी बोलू.

पहिला धोका धुराचा. गेट, जिने, शेड यांसाठी आपल्याकडे जीआय पाइप सर्रास वापरतात. गंज चढू नये म्हणून त्यावर जस्ताचा थर दिलेला असतो. पोलाद वितळायला सुमारे १५०० अंश सेल्सिअस उष्णता लागते, जस्त मात्र ९०७ अंशांनाच उकळतं. त्यामुळे जोड बसायच्या आत जस्ताची वाफ होऊन पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप येतो, अंग मोडून येतं, तोंडाला धातूची चव येते. हिवताप असावा असं वाटतं. ताप बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो. तरीही डॉक्टरांना आपलं काम काय, ते जरूर सांगा. धाप लागली किंवा छाती दुखली तर मुळीच थांबू नका. कॅडमियमचा मुलामा दिलेल्या वस्तूंचा धूर जिवावर बेततो आणि त्याचीही सुरुवात अशीच होते.

गूळ खाल्ला, दूध प्यालं की धूर बाधत नाही, हा समज सोडून द्या. फुप्फुसात गेलेला धूर गुळानं बाहेर येत नाही. तोंडाला बांधलेला रुमालही तो अडवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१७ साली वेल्डिंगचा धूर माणसाला कर्करोग करणाऱ्या घटकांत धरला. म्हणून काम मोकळ्या हवेत करा, वारा बाजूनं येईल असे बसा, डोकं धुराच्या वर धरू नका. बंद जागेत धूर खेचणारा पंखा आणि धातूच्या धुरासाठीचा मास्क हवाच.

दुसरा धोका आगीचा. ठिणग्या दहा-अकरा मीटरपर्यंत जातात, फटीत शिरतात. गोणपाटात, भुशात, तेलकट चिंध्यांत त्या तासभर धुमसतात आणि दुकान बंद झाल्यावर पेट घेतात. तेव्हा असा माल आधी हलवा. वाळूची बादली आणि अग्निशामक नळकांडं हाताशी ठेवा. डिझेलचा, थिनरचा 'रिकामा' ड्रम तर कधीच रिकामा नसतो. आत वाफ असते आणि एका ठिणगीनं तिचा स्फोट होतो. नुसतं झाकण उघडून ती जात नाही. असा ड्रम कापायला घेऊच नका.

मालकांना शेवटी एकच विनंती. मशीन बंद झाल्यावर एक माणूस तासभर तिथंच थांबवा, कानाकोपरा बघायला सांगा आणि त्या तासाची मजुरी त्याला द्या. जळालेल्या दुकानापेक्षा ती स्वस्तच पडते.